बिळापासून लांब उभं राहायचं : मोहावेच्या वाळवंटात येणाऱ्या मुलांना खुलं पत्र

प्रिय मुलांनो,

येत्या एप्रिलमध्ये तुमच्या मराठी शाळेची सहल अमेरिकेतल्या मोहावेच्या वाळवंटात येणार आहे, असं तुमच्या बाईंनी कळवलं आणि मला फार आनंद झाला. मी या वाळवंटाच्या कडेला गेली २२ वर्षं राहते. दर वसंतात कुणी ना कुणी रानफुलं बघायला येतं आणि मी त्यांच्याबरोबर हिंडते. या वेळी मात्र तुम्ही निघायच्या आधीच मला काही सांगायचं आहे. गेल्या वर्षी ते सांगायचं राहून गेलं आणि ते एका कासवाला महागात पडलं असणार.

झालं असं. अशाच एका सहलीत, एका कोरड्या ओढ्याच्या काठावर, आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला कासव दिसलं. मुलगा मायाळू. त्याला वाटलं, एवढ्या उन्हात याला तहान लागली असणार. त्याने दोन्ही हातांनी ते उचललं आणि आईकडे पाण्याची बाटली मागितली. तेवढ्यात कासवाने लघवी केली. भरपूर केली. मुलाचे बूट भिजले, बाकीची मुलं हसायला लागली. मी खाली बघत होते. मातीवर ताटाएवढा ओला डाग पडला होता आणि आमच्या डोळ्यांदेखत तो कडेकडेने आकसत चालला होता. थोड्या वेळाने तिथे पाणी सांडलं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

तो डाग म्हणजे त्या कासवाची कित्येक महिन्यांची बेगमी होती.

त्या मुलाला मी कणभरही दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही मोठी माणसं गाडीतून उतरल्यापासून फोटो काढण्यात आणि डबे उघडण्यात गुंतलो होतो.

माझं लहानपण साताऱ्याच्या माण तालुक्यात गेलं. तिथे उन्हाळ्यात टँकर आला की हंडे, कळश्या, पातेली, घरात जे जे म्हणून भांडं असेल ते भरून ठेवायचं. एकदा माझ्या हातून भरलेली कळशी उंबऱ्यात कलंडली. आजी ओरडली नाही. तिने पदराने जमिनीवरचं पाणी टिपून तुळशीत पिळलं. या कासवाची कळशी त्याच्या पोटात असते. त्याचं मूत्राशय इतकं मोठं असतं, की त्यात शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त पाणी मावतं. बाहेर थेंब मिळेनासा झाला, की ते तिथलंच पाणी शरीरात परत शोषून घेतं. एकदा पोटभर पाणी प्यालं की वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, त्याला प्यायला मिळालं नाही तरी ते तग धरतं. पण कुणी उचललं, घाबरवलं, की ही कळशी ते एका झटक्यात रिकामी करतं. भीतीपोटी होतं ते, त्याच्या हातात नसतं. पुढचा पाऊस लांब असेल, तर असं कासव तहानेने मरूही शकतं.

आपल्या मराठीत समुद्रातलं, तळ्यातलं आणि जमिनीवरचं, तिन्ही कासवंच. त्यामुळे घोळ होतो. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं कासव तुम्ही सुट्टीत गावी गेल्यावर पाहिलं असेल. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यातून निघून समुद्राकडे धावणारी पिल्लंही काहींनी पाहिली असतील. मोहावेचं कासव या दोन्हींहून वेगळं. याला पोहता येत नाही. पुढचे पाय चपटे, फावड्यासारखे, जाड नखांचे. मागचे पाय हत्तीच्या पायांसारखे गोल, खांबासारखे. मोठं झालेलं कासव साधारण २० ते ३८ सेंटीमीटर लांब असतं. ते कोलोरॅडो नदीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला राहतं, म्हणजे कॅलिफोर्निया, नेवाडा आणि युटा-ॲरिझोनाचे कोपरे. नदीपलीकडचं ॲरिझोनातलं कासव डोंगरउतारावर दगडांत राहतं. दोन्ही एकच आहेत असं कितीतरी वर्षं मानत होते. ती वेगळ्या जातीची आहेत हे २०११ मध्ये ठरलं.

आता बिळाकडे येते, कारण खरं कासव तिथेच भेटतं. हे कासव आपल्या आयुष्यातला जवळजवळ ९५ टक्के वेळ बिळात काढतं. पन्नास-साठ वर्षं जगलं, तर त्यातली जेमतेम तीन वर्षं उन्हावाऱ्यात, बाकी सगळी जमिनीखाली. इथे उन्हाळ्यात जमीन ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. आपल्या घामाने आपण थंड होतो, कासवाला घाम येत नाही. दुपारच्या त्या जमिनीवर ते उघड्यावर राहिलं तर भाजून मरेल. पण हातभर खाली माती दिवसभर जवळजवळ सारखीच राहते. ना तेवढी तापत, ना तेवढी गार होत. शिवाय आतली हवा थोडी दमट असते, त्यामुळे श्वासाबरोबर जाणारं पाणीही कमी जातं. माठाखालच्या ओल्या मातीवर मांजर का येऊन बसतं ते आठवा.

बीळ ओळखायचं कसं? तोंड बघा. भाकरी मधोमध मोडावी आणि अर्धी भाकरी मोडलेली कड खाली करून उभी ठेवावी, तस्सा आकार. खाली सपाट, वर कमान. कासवाची पाठ जशी, तशीच ती कमान. खारीचं बीळ गोल असतं. कोल्ह्याचं उंच असतं. बिळासमोर मातीचा पसरट ढीग असतो, घरापुढच्या ओट्यासारखा. पुढच्या पायांनी उकरत आणि मागच्या पायांनी माती लोटत कासवानेच तो घातलेला असतो. बीळ बऱ्याचदा क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या बुडाशी असतं. मुळं माती धरून ठेवतात, म्हणून छत ढासळत नाही आणि दारात सावलीही मिळते. (पाऊस पडला की या झुडपाला एक उग्र वास सुटतो. वाळवंटातल्या माणसांसाठी पावसाचा वास म्हणजे क्रिओसोटचा वास. तुम्हाला तो मिळावा असं मला फार वाटतं, पण एप्रिलमध्ये नशीबच लागेल.)

काही कासवं ओढ्याच्या काठातल्या कपारीत राहतात. तिथे मातीत चुन्याचा एक टणक थर असतो, सिमेंटच्या स्लॅबसारखा. इथे त्याला कलीची म्हणतात. त्याच्याखालची मऊ माती पुरात वाहून गेली की आयती गुहा तयार होते.

एका कासवाचं एकच बीळ असतं असं मात्र समजू नका. एकेका कासवाची सात-आठ, कधी बाराही बिळं असतात आणि कुठलं कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. एखादं नुसतं पाठ झाकेल एवढं, दुपारपुरतं. एखादं दोन-तीन मीटर खोल. उत्तरेला युटात, जिथे थंडी कडाक्याची असते, तिथे काही बिळं १० मीटरपर्यंत आत जातात आणि हिवाळ्यात त्यांत डझनभर कासवं एकत्र राहतात. अँगस वुडबरी आणि रॉस हार्डी या दोघांनी तिथल्या कासवांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून हे पाहिलं आणि १९४८ मध्ये लिहून काढलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास कासव बिळात शिरतं ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत बाहेर येत नाही. तेवढे महिने खाणंही नाही. हृदय संथ, श्वास संथ.

आणि हे बीळ एकट्या कासवाचंही राहत नाही. ससे, उंदीर, पाली-सरडे, विषारी रॅटलस्नेक साप, कितीतरी जण त्याचा आसरा घेतात. एक छोटं घुबडही रिकाम्या बिळात संसार मांडतं. ते आपल्याकडच्या पिंगळ्याच्याच कुळातलं, तसेच मोठे पिवळे डोळे, फक्त पाय लांब. या कोरड्या, कठीण मातीत एवढं खोदायची ताकद फार थोड्यांकडे आहे. कासवाने खोदलं नाही, तर या सगळ्यांना उन्हातच राहावं लागेल. म्हणून बिळात हात किंवा काठी घालणारा मुलगा दिसला की माझ्या छातीत धस्स होतं. कासवासाठी तर होतंच, त्या मुलासाठीही होतं. आत कोण बसलंय हे बाहेरून कळत नाही.

मी आत एकदाच पाहिलं आहे. सरकारी परवाना घेऊन कासवं मोजणाऱ्या एका संशोधिकेबरोबर मी दिवसभर सामान उचलायला गेले होते. तिच्या खिशात छोटा आरसा होता. बिळाच्या बाजूला ती गुडघे टेकून बसली, आधी तोंडाशी कोळ्याचं जाळं आहे का ते पाहिलं. जाळं असलं तर बरेच दिवस कुणी ये-जा केलेली नाही असं समजायचं. जाळं नव्हतं. ओट्यावर गवताच्या काड्या दिसणारी वाळकी लेंडी होती आणि दोन्ही बाजूंना पायांच्या ओळी होत्या. मग तिने आरशाने उन्हाचा कवडसा आत सोडला. कवडसा जमिनीवरून सरकत गेला. लोंबणारी मुळं दिसली, भिंतीवर नखांचे ओरखडे दिसले, मग खडबडीत खवल्यांचा एक पाय. कासवाने दोन्ही पुढचे पाय तोंडासमोर दारासारखे लावून घेतले होते. आतून 'फस्स' असा आवाज आला. डोकं आत ओढताना छातीतली हवा बाहेर पडते, त्याचा तो आवाज. पायांच्या फटीतून एक डोळा चमकला. संशोधिकेने लगेच आरसा फिरवला. मोजून तीन-चार सेकंद झाले असतील. "तिला कळलंय आपण आलोय, आता जाऊ या," एवढंच ती म्हणाली.

आरसा आपण आणायचा नाही. ते काम परवाना असलेल्यांचं. पण बघून लगेच मागे होणं हे मी तिच्याकडून शिकले.

कीर्तनात तुम्ही कासवीचा दृष्टान्त ऐकला असेल. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, लांबून नुसतं प्रेमाने पाहते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात, असं बुवा सांगतात. मला तो दृष्टान्त लहानपणापासून आवडतो. मोहावेतली कासवी मात्र पिल्लांकडे पाहायलाही थांबत नाही. मे-जूनच्या सुमारास ती चार-सहा-आठ अंडी घालते, तीही बऱ्याचदा बिळाच्या तोंडाशी, त्या ओट्याच्या मातीत. वरून माती सारखी करते. अंड्यांवर डोळा ठेवून असणाऱ्या हीला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याला काही माद्या धक्के देऊन हाकलतात, हे अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. पण पुढचे तीन-चार महिने अंडी उबवायचं काम त्या ओट्याचं. माती किती तापते त्यावर आत नर तयार होणार की मादी हे ठरतं. गार मातीत नर, गरम मातीत मादी. म्हणजे बिळासमोरच्या ज्या ढिगाऱ्यावर उभं राहून आपण फोटो काढतो, त्याच्या आत अंडी असू शकतात.

पिल्लू बाहेर येतं तेव्हा पाणीपुरीच्या पुरीएवढं असतं. पाठही जवळजवळ तेवढीच नाजूक, आपल्या नखासारखी दबणारी. ती पुरती टणक व्हायला पाचेक वर्षं लागतात. या पाच वर्षांत त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोमकावळा. चोचीने तो ती पाठ फोडतो. डोमकावळ्यांच्या घरट्यांखाली फुटलेल्या इवल्या कवचांचे ढीग सापडलेले आहेत.

इथे मला तुमच्या आई-बाबांशीही बोलायचं आहे. डोमकावळे पूर्वी या वाळवंटात एवढे नव्हते. खायला नव्हतं, प्यायला नव्हतं, घरटं बांधायला उंच झाडं नव्हती. आपण कचरापेट्या ठेवल्या, नळ गळू दिले, विजेचे खांब उभारले. त्यांची संख्या वाढली ती आपल्यामुळे. सहलीत खाली सांडलेला मूठभर चिवडा, चकलीचे तुकडे, पोळीचा अर्धा रोल, हे सगळं त्यांच्यासाठी आमंत्रण असतं. आणि खाणं संपलं की ते आजूबाजूला शोधायला लागतात. मी तुमच्याबरोबर जेवायला बसेन तेव्हा मोठी चादर अंथरू. उठताना ती चारी कोपऱ्यांनी उचलून गाडीत झटकायची, बाहेर नाही. मुलांनी या कामात मोठ्यांवर लक्ष ठेवावं. आम्ही विसरतो.

दुसरं, गाडी. डांबरी किंवा आखलेल्या रस्त्यावरच उभी करायची, "जरा पुढे घेऊ या" म्हणून झुडपांत घालायची नाही. बिळाचं छत मातीचं असतं. चाकाखाली ते बसतं आणि आतला जीव तिथेच गाडला जातो, गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि निघताना प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचं. उन्हातून येणाऱ्या कासवाला गाडीची सावली म्हणजे आयतं बीळ वाटतं. हे काम मी मुलांना देणार आहे. गाडी सुरू करण्याआधी एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, "कुणी नाही." गाडीखाली कासव असलंच, तर ते आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत थांबायचं. उशीर झाला तर झाला.

रस्त्याच्या मधोमध कासव असेल आणि समोरून गाडी येत असेल, तर काय करायचं, असं गेल्या वर्षीच्या त्या मुलाने मला नंतर फोनवर विचारलं. फार चांगला प्रश्न होता. तेवढ्या एकाच वेळी मोठ्या माणसाने, मुलाने नाही, त्याला हळूच दोन्ही हातांनी आडवंच धरून, जमिनीपासून फार वर न उचलता, ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच दिशेला रस्त्यापासून शंभरेक फूट आत सावलीत ठेवायचं. उलट बाजूला ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावरच येणार. एरवी हात लावायचाच नाही. अमेरिकेच्या कायद्याने हे कासव १९९० पासून संरक्षित आहे. त्याला उचलणं, छळणं, घरी नेणं यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभराची कैद होऊ शकते. पण तुम्ही दंडाच्या भीतीने हात आखडता घ्यावा असं मला वाटत नाही. तो ओला डाग तुम्ही पाहिला असता, तर दंड किती हे विचारलंच नसतं.

घरी पाळलेलं कासव कंटाळा आला म्हणून इथे आणून सोडायचं नाही, हेही तुमच्या ओळखीत सांगा. पाळीव कासवांकडून रानातल्या कासवांना श्वासाचा आजार लागतो. नाक वाहतं, डोळे सुजतात, आणि तो पसरत जातो.

पावसाचं सांगायचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. पाऊस येणार असं वाटलं, की कासव बिळातून बाहेर येतं आणि जमिनीत उथळ खळगा उकरतं. काही खळगे जुने असतात आणि ते त्याच्या लक्षात असतात. ढग आले की तिथे जाऊन बसतं. पाणी साचलं की नाक बुडवून पितच राहतं. पोटातलं जुनं, खारट झालेलं पाणी टाकून नवं भरून घेतं, जसं आपण माठातलं शिळं पाणी ओतून, माठ विसळून ताजं भरतो. असं पोटभर पाणी त्याला वर्षातून एखाद-दोनदाच मिळतं, कधी तेवढंही नाही. गेल्या वर्षी आमच्या सहलीनंतर इथे पाऊस पडला तो थेट पुढच्या ऋतूत. तोपर्यंत त्या कासवाने काय केलं असेल, हा विचार मी किती वेळा केला सांगता येणार नाही. त्या ओढ्याच्या काठावर मी नंतर तीनदा जाऊन आले. बीळ आहे. शेवटच्या वेळी तोंडाशी जाळं होतं. ते दुसऱ्या बिळात गेलं असेल. त्याची बरीच बिळं असतात, हे मी वर लिहिलंच आहे.

आपण या वेळी कॅलिफोर्निया सिटी गावाजवळच्या राखीव कासवक्षेत्रात जाऊ. सुमारे १०० चौरस किलोमीटरचा तो भाग कुंपण घालून राखलेला आहे, आत गाड्या नाहीत, मेंढ्या नाहीत. पायवाट आहे, तिच्यावरूनच चालायचं. सकाळी लवकर निघालात, तर नऊ-दहाच्या सुमारास पोहोचाल. कासवं फुलं खायला बाहेर येतात ती त्याच वेळी. वाट बघावी लागेल, कदाचित एकही दिसणार नाही, बिळंच दिसतील. पण एखादं दिसलंच, तर पिवळं रानफूल तोंडात धरून मान वर करून चावणारं कासव बघण्यासारखं दुसरं काही नाही. पाकळ्या ओठांना चिकटतात, आणि ते पुढच्या पायाने त्या पुसायचा प्रयत्न करतं.

पायवाट सोडून जवळ जायचं नाही, त्यामुळे दुर्बिणी लागतील. माझ्याकडे तीन आहेत, कुणाच्या घरी असतील तर आणा. आळीपाळीने बघू. लहानांना आधी.

तुमची वाळवंटातली मावशी